लेस्टर राउतिओच्या मागे चार

लेस्टर राउतिओ बर्फात जन्मला, बर्फात वाढला आणि आयुष्यभर आरामखुर्च्या विकून जगला. टॅमरॅक लेकच्या मुख्य रस्त्यावर त्याचं फर्निचरचं दुकान होतं. आमच्या गावातल्या बहुतेक म्हाताऱ्यांच्या दुपारच्या डुलक्या त्याच्याच मालावर झाल्या. पुढे दुकान जावयाच्या गळ्यात घालून तो मोकळा झाला, पण समोरच्याच्या खांद्यावर हात ठेवून ‘तुमच्यासारख्या माणसाला हीच शोभते’ म्हणायची सवय काही सुटली नाही. पूर्वी खुर्ची विकायचा, आता स्वतःला विकू लागला, इतकाच फरक.

हरणांच्या शिकारीचा हंगाम संपून तळं गोठलं, की लेस्टरच्या अंगात यायचं. गॅरेजमधून स्नोमोबाइल, म्हणजे बर्फावर धावणारी मोटारगाडी, बाहेर निघायची. दर दोन हिवाळ्यांनी नवी, आणि प्रत्येक नवी आधीच्यापेक्षा जास्त डरकाळ्या फोडणारी. बसायची जागा गरम, हँडल गरम, अंगठा ठेवायचा तो वेगाचा खटकाही गरम. एवढी ऊब हवी तर माणसाने घरी बसावं, असं त्याची बायको डोलोरेस म्हणायची. पण ती लेस्टरशी बोलताना नेहमी भिंतीकडे बघून बोलत असे, कारण भिंत निदान मध्ये तोंड घालत नाही.

दर शनिवारी सकाळी पाच जण स्नोमोबाइल क्लबच्या खोलीत जमत. म्हणजे लेस्टर, गॅसची टाकी घरोघर पोचवणारा कर्मिट, पेल्टो भावांची जोडी, आणि लाकूड गिरणीतून निवृत्त झालेला एल्रॉय निसुला. कॉफी व्हायची. मग अर्धा तास कण्हत-कुंथत, एकमेकांचे बूट ओढत, पाचही जण चंद्रावर निघाल्यासारखे कपडे चढवायचे. मग दोन तास जंगलातून धडधडत जाऊन वेर्नाच्या बारमध्ये वाटाण्याचं सूप प्यायचं आणि दोन तास धडधडत परत यायचं. तसंच सूप पाचही घरांत शिजत होतं, पण घरच्या सुपाला पेट्रोलचा वास येत नाही ना!

ह्याला लेस्टर ‘बर्फावरचा बंधुभाव’ म्हणायचा. उन्हाळ्यात ह्या पाच बंधूंपैकी कुणी कुणाच्या दारात उभं राहत नसे. कर्मिटच्या आईच्या दफनाला लेस्टर गेला नव्हता, कारण त्या दिवशी ताजा बर्फ पडला होता. खरं विचाराल तर ह्या मैत्रीचं गुपित साधं आहे. इंजिनाच्या आवाजात कुणाला कुणाचं बोलणं ऐकू येत नाही, म्हणून भांडण होत नाही.

त्यातल्या त्यात लेस्टरला मित्र म्हणावा असा एकच होता, एल्रॉय. तो शाळेपासूनचा. लेस्टर पुढे, एल्रॉय मागे, हे तेव्हाच ठरलं होतं आणि बदलावं असं एल्रॉयला कधी वाटलं नाही. लेस्टरने बारमध्ये एखादी बात मारली, म्हणजे अस्वल समोर आलं तेव्हा आपण कशी गाडी वळवली वगैरे, की लोकांची नजर एल्रॉयकडे जायची. एल्रॉय मान डोलवायचा आणि म्हणायचा, “होय होय, अस्संच झालं.” एल्रॉय खोटं बोलत नाही, हे सगळ्या तालुक्याला ठाऊक होतं. त्याच्या ह्या दोन शब्दांवर लेस्टरचा सगळा मोठेपणा उभा होता. लेस्टरला हे कळत होतं का? आतून कळत असावं. एल्रॉय एखाद्या शनिवारी आला नाही, की लेस्टर त्या दिवशी एकही गोष्ट सांगत नसे.

आमच्याकडच्या वाटा अरुंद. दोन्ही बाजूंना देवदार आणि वळणापलीकडून कोण येतंय ते दिसत नाही. म्हणून समोरून दुसरी टोळी आली, की पुढच्याने डावा हात वर करून आपल्यामागे किती गाड्या आहेत तेवढी बोटं दाखवायची. त्याच्या मागच्याने एक बोट कमी. असं करत शेवटचा मूठ दाखवतो. मूठ म्हणजे संपलं, आता वाट मोकळी. आणि ह्याच्याही आधीचा नियम असा, की ज्याने त्याने आपल्या मागच्यावर डोळा ठेवायचा. दिवा दिसला नाही, की थांबायचं. आमच्याकडची पोरं हे प्रार्थनेच्या आधी शिकतात.

लेस्टर बोटं दाखवायचा ती एखाद्या बिशपने आशीर्वाद द्यावा तशी, सावकाश आणि मान थोडी तिरकी करून. मागे वळून बघणं मात्र त्याच्या स्वभावात नव्हतं. नव्या गाडीचे आरसे त्याने काढून टाकले होते. आरशांनी गाडीची शोभा जाते म्हणे. “मागच्यांनी माझ्याकडे बघावं,” तो म्हणायचा, “मी पुढे आहे तो कशाला?” एल्रॉय सगळ्यांत शेवटी असायचा. कुणाची गाडी रुतली तर ओढायला तोच थांबायचा. इंजिनाचा जादा पट्टा, दोर, थर्मास, सगळं त्याच्याच पेटीत. लेस्टरच्या पेटीत कंगवा.

त्या फेब्रुवारीत, ज्या शनिवारची ही हकिकत आहे, रात्रभर भुरभुर बर्फ पडून सकाळी लख्ख ऊन पडलं होतं. निघताना एल्रॉय म्हणाला, “लेस्टर, आज जरा बेताने घे रे. माझा पट्टा कालपासून कुरकुरतोय. जादाचा होता तो गेल्या शनिवारी तुझ्याच गाडीला लावला.”

“तुझा पट्टा कुरकुरतो, तुझे गुडघे कुरकुरतात,” लेस्टर म्हणाला. “म्हातारपणी लग्नच लावून दे दोघांचं!”

सगळे हसले. एल्रॉयही हसला, कारण तो नेहमीच हसायचा.

तळ्यावर आले तेव्हा, काय सांगावं, खरोखर बघण्यासारखं होतं. मैलभर कोरा बर्फ, त्यावर एकही माग नाही. लेस्टरने खटका दाबला आणि गाडी पाण्यावरून चाकू फिरावा तशी निघाली. मागे पांढरा धुरळा उडाला, डोळ्यांत पाणी आलं. साठी उलटलेला हा माणूस हेल्मेटच्या आत पोरासारखा ओरडत होता. हा आनंद खोटा नव्हता, तेवढं कबूल केलं पाहिजे. तो आपल्याबरोबर आणखी कुणाला होतोय का, हे त्याने वळून पाहिलं असतं तर मी त्याला बाकी सगळं माफ केलं असतं.

तळं संपून वाट ओढ्याच्या काठाने जंगलात शिरते. तिथेच कुठेतरी एल्रॉयचा पट्टा तुटला. गाडी एकदम अडखळली, काठावरून घसरली आणि खाली मऊ बर्फात आडवी झाली. एल्रॉय तिच्याखाली, उजवा पाय अडकलेला. त्याने हाका मारल्या. चार इंजिनं आपल्या डरकाळ्या फोडत पुढे निघून गेली.

पुढच्या वळणावर समोरून तीन बायका आल्या. शेजारच्या तालुक्यातल्या शाळेत स्वयंपाक करणारी बर्नडीन आहो आणि तिच्या दोघी बहिणी. लेस्टरने ऐटीत चार बोटं दाखवली. कर्मिटने तीन, थोरल्या पेल्टोने दोन. धाकट्याने एक बोट वर केलं आणि तोही गेला.

वेर्नाच्या बारमध्ये पाच वाट्या सूप आलं. “एल्रॉय?” वेर्नाने विचारलं.

“येईल गं. बाहेर गाडीला गोंजारत बसला असेल,” लेस्टर म्हणाला आणि कोपऱ्यात बसलेल्या शिकागोच्या दोन पाहुण्यांकडे वळला. “तुम्हा शहरातल्या लोकांना हे कळायचं नाही. बर्फावर माणूस माणसाला सोडत नाही. मी वीस वर्षं पुढे आहे, एकही माणूस मागे टाकला नाही.” बोलता बोलता एल्रॉयच्या वाटचा पावही त्याने खाऊन टाकला. एल्रॉयच्या सुपावर साय धरली.

तेवढ्यात दार उघडून बर्नडीन आत आली. हेल्मेट काखेत, गाल लालबुंद.

“चार बोटं दाखवणारे शहाणे कोण इथे?”

लेस्टरने हसून हात वर केला. त्याला वाटलं, कौतुक आहे.

“तुमच्यामागून तिघंच गेले,” बर्नडीन म्हणाली. “शेवटच्याने एक बोट दाखवलं, म्हणून आम्ही वाट सोडून कडेला थांबलो. म्हटलं येईल एक. इंजिनं बंद केली. आवाज नाही, दिवा नाही. कुणाची वाट बघत होतो आम्ही, सांगा बरं?”

धाकटा पेल्टो पुटपुटला, “मला वाटलं, आहे मागे.”

“वाटलं! अरे बाबा, सांडशी चुलीवर राहिली असं वाटायला तो काय सांडशी आहे? ओढ्यात पडलाय तुमचा माणूस, गाडीखाली. पाय मोडलाय. हळूहळू बघत गेलो म्हणून सापडला. एक बहीण त्याच्यापाशी आहे, दुसरी टेकडीवर फोन लावायला गेलीय. आणखी तासभर गेला असता तर गोठला असता. सूप झालं असेल तर उठा आता!”

लेस्टर उठला तो हातमोजे टेबलावरच विसरून. एल्रॉय नाही, हे त्याला त्या क्षणी पहिल्यांदाच जाणवलं. एल्रॉय मेला असता तर? डोळ्यांपुढे नुसता पांढरा बर्फ आला. पण माणसाचा स्वभाव असा, की कोट चढवून होईपर्यंत त्याला गोष्टीचं पहिलं वाक्य सुचलेलं होतं.

रविवारी चर्चमधल्या कॉफीपर्यंत गोष्ट तयार झाली. लेस्टरने चार बोटं दाखवली. चार! म्हणून बायका थांबल्या, म्हणून एल्रॉय वाचला. तीन दाखवली असती तर? लेस्टर तीन बोटं वर करून गप्प व्हायचा, ऐकणाऱ्या बायका ‘अरे देवा’ म्हणायच्या. उचलली जीभ लावली टाळ्याला. त्यात कणभर सत्य होतं, हीच तर पंचाईत. बोटं बरोबर होती. फक्त त्या बोटांमागची माणसं किती आहेत, हे मोजायचं राहून गेलं होतं.

तरी लेस्टरला चैन पडेना. लोक ऐकत होते, माना डोलवत होते, पण ज्याच्या दोन शब्दांनी गोष्टीवर शिक्का बसायचा तो इस्पितळात होता. एल्रॉय एकदा ‘अस्संच झालं’ म्हणाला, की सगळं पहिल्यासारखं होईल, असं त्याने मनाशी ठरवून टाकलं. आणि नाही म्हणाला तर? हा विचार तो मनात येऊ देत नसे.

एल्रॉय घरी आला त्या रविवारी दुपारी लेस्टर त्याच्याकडे गेला. हातात मांस-बटाटा भरून भाजलेल्या करंज्या, डोलोरेसने केलेल्या. घरात माणसं होती. कर्मिट, पाद्रीबुवा, आणि चुलीपासून आत्ताच उठून आल्यासारखी बर्नडीन. एल्रॉयचा पाय प्लास्टरमध्ये, उशीवर ठेवलेला. खुर्ची लेस्टरच्याच दुकानातली. एल्रॉयची बायको आयली वेलदोड्याचा गोड पाव कापत होती.

“ये लेस्टर, बस,” एल्रॉय म्हणाला. आवाजात राग नव्हता.

लेस्टर बसला, कॉफी घेतली आणि राहवलं नाही म्हणून गोष्ट सुरू केली. पाद्रीबुवांनी ती दोनदा ऐकली होती, तरी पाद्रीबुवाच ते, ऐकत राहिले. तळं, वळण, चार बोटं. “आणि देवाच्या दयेने,” लेस्टरने हात खाली घेतला, “ह्या बोटांनी माझा मित्र वाचवला.”

मग तो एल्रॉयकडे बघू लागला. सगळेच बघू लागले. आयलीचा सुरा पावात अर्ध्यावर थांबला.

एल्रॉयने कॉफीचा घोट घेतला. “लेस्टर,” तो म्हणाला, “माझं हेल्मेट कसल्या रंगाचं आहे रे?”

“काय?”

“हेल्मेट. मी घालतो ते.”

लेस्टर हसला. कर्मिटकडे बघितलं, कर्मिट बुटांकडे बघत होता. “हा काय प्रश्न झाला? काळं. काळंच की.”

“नारिंगी आहे,” बर्नडीन म्हणाली. “भडक, भोपळ्यासारखं. झाडीतून तेच तर दिसलं आम्हाला.”

“कितीतरी हिवाळे झाले त्याला,” एल्रॉय शांतपणे म्हणाला. “आयलीनेच आणलं. म्हणाली, लेस्टरने मागे बघितलं तर पटकन दिसायला हवास.”

आयलीने पाव पुढे केला. लेस्टरने तुकडा उचलला, तोंडाशी नेला आणि बशीत परत ठेवला. आमच्या गावात ह्या माणसाने वाढलेलं काही परत ठेवल्याचं कुणी पाहिलं नव्हतं. ‘एल्रॉय, चुकलं माझं’ एवढे तीन शब्द त्याच्या ओठांपर्यंत आले असतील. पण जन्मभर माल विकलेल्या माणसाला, माल खराब निघाला म्हणून परत घ्यायची सवय नसते. “आयली, पाव छान झालाय हां,” तो म्हणाला आणि टोपी घेऊन निघाला. पाव त्याने चाखलाही नव्हता.

पुढच्या हिवाळ्यात एल्रॉयचा पाय बरा झाला, आणि तो शनिवारी बर्नडीन आणि तिच्या बहिणींबरोबर जाऊ लागला. त्या बायका पोचायला दुप्पट वेळ लावतात, वाटेत शेकोटी पेटवून सॉसेज भाजतात आणि इंजिनं बंद करून गप्पा मारतात. लेस्टर अजून पुढेच असतो. शिकागोचे नवे पाहुणे आले, की वेर्नाच्या बारमध्ये ती गोष्ट सांगतो. शेवटी शिक्का मारायला कुणी नाही, म्हणून दर वर्षी तिला थोडी थोडी वाढवतो. आताशा त्या गोष्टीत तो स्वतःच गाडी थांबवून मागे वळतो, आणि त्याला दूर बर्फात एक काळं हेल्मेट दिसतं.