पेन्सिलीनं लिहिलेला नवरा

माझ्या बाबांनी चौतीस वर्षं मेलेल्या माणसांचे मेंदू कापले. म्हणजे ते इस्पितळाच्या प्रयोगशाळेत तंत्रज्ञ होते. पण पाहुण्यांना मुद्दाम असंच सांगायचे आणि समोरच्याचा घास अडकला की खूश व्हायचे. मेणात बसवलेल्या तुकड्याचा कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ काप काढायचा, कोमट पाण्यावर तरंगवायचा, काचपट्टीवर अलगद उचलायचा आणि पट्टीच्या कडेला नंबर घालायचा. तोही पेन्सिलीनंच. पुढे पट्टी स्पिरिटमध्ये बुडवली की शाई धुऊन जाते, शिसं राहतं. नवख्या कुणी पेन उचललं की बाबांचं डोकंच फिरायचं.

त्यांचा जीव होता तो मेंदूतल्या मदतनीस पेशींवर. "विचार करणाऱ्या पेशींचा सगळा बडेजाव," म्हणायचे, "आणि त्यांना खायला घालायचं, त्यांचा कचरा काढायचा, ते ह्या बिचाऱ्यांनी. नाव कुणी घेत नाही." एकदा मोठ्या डॉक्टरीणबाई त्यांना म्हणाल्या, की वर्षानुवर्षं खिन्न राहिलेल्या काही माणसांच्या मेंदूत ठिकठिकाणी ह्या पेशी विरळ झालेल्या दिसतात. त्या दिवशी बाबा लवकर घरी आले. आई नेहमीसारखी भिंतीकडे तोंड करून पडली होती. शाळेत शिकवायची ती. वर्गात खणखणीत, आणि घरी आली की महिनोन्महिने अशी. तोवर बाबा तिला "मनावर घेऊ नकोस" एवढंच सांगत आले होते. त्या दिवशी तिच्या पायाशी बसून ते रडले. मला त्यांचा रागच आला. इतकी वर्षं कुठं होता हा माणूस?

आई निवृत्त झाली आणि विसरायला लागली. बाबांनी मला समजावलं, की ह्या आजारात त्याच मदतनीस पेशी बिथरतात, कचऱ्याबरोबर चांगलंही झाडून टाकतात. "त्या बिथरल्या तर बिथरू देत. तिचा मदतनीस मी आहे." मी देखभाल केंद्राचा फॉर्म आणून ठेवला होता. शेवटी आमचं ठरलं: आई बाबांना ओळखते तोवर ती घरीच राहणार. आणि ओळखत होतीच की, त्यांना "अहो" म्हणत होती! गॅसवाल्यालाही ती "अहो"च म्हणायची, हे मी बोलले नाही.

बाबांनी घरभर चिठ्ठ्या लावल्या. 'दुध', 'पाणि', 'संडास'. अर्थात पेन्सिलीनं. दुसऱ्या दिवशी सगळ्या कोऱ्या. पुन्हा लिहिल्या, पुन्हा कोऱ्या. शेवटी मी आईला पकडलं: खोडरबर घेऊन ती एकेक चिठ्ठी मन लावून पुसत होती आणि वरून फुंकर मारत होती. जन्मभर वह्या तपासलेली बाई. पेन्सिलीचं ते कच्चं, आणि त्यात बाबांचं शुद्धलेखन! आम्ही पोट धरून हसलो. "पेनानं लिहा ना, बाबा," मी म्हटलं. "शाई टिकत नाही," बाबा म्हणाले. घरात चिठ्ठ्या स्पिरिटमध्ये कोण बुडवणार होतं, देव जाणे.

परवा सकाळी मी गेले, तर आई दाराशी उभी राहून ओरडत होती, घरात परका पुरुष शिरलाय म्हणून. बाबा हात जोडून उभे. त्यांनी घाईघाईनं कागदावर लिहिलं, 'मी तुझा नवरा', आणि तिच्यासमोर धरलं. तिनं वाचलं. शांत झाली. टेबलावरचं खोडरबर उचललं. बाबांनी तिचं मनगट पकडलं, "नको ना, एवढं नको पुसूस," आणि आवळत गेले, ती कळवळली तरी. मी ओढून सोडवलं तेव्हा मनगटावर चार बोटं लाल उमटली होती. त्या वळांकडे पाहत बाबा म्हणाले, "मीही बिथरलो गं."

आईनं दुखऱ्या हातानं पुसलंच. फुंकर मारली, कोरा कागद त्यांना परत दिला आणि वर्गातल्या आवाजात म्हणाली, "अहो, पक्कं असेल तर पेनानं लिहून आणा."

बाबांनी तो कागद घेतला. मग खिशातली पेन्सिल काढून त्यांनी टेबलावर ठेवली. "तो फॉर्म दे," म्हणाले. "पेन आहे का तुझ्याकडे?"

पेन पर्समध्ये वरच होतं. सापडत नसल्यासारखं मी कितीतरी वेळ चाचपत राहिले.