दर्या खालच्या अंगाला

‘एक मनुष्य घरातून निघून पूर्वेस तीन मैल गेला. तेथून उजवीकडे वळून चार मैल गेला. पुन्हा उजवीकडे वळून तीन मैल गेला. आता तो घराच्या कोणत्या दिशेस व किती दूर आहे?’

या माणसामागे मी सबंध एक वर्ष चालले. तो कोण, कशासाठी एवढा फिरतो, हे पुस्तकात कुठेच दिलेलं नव्हतं. साठ साल नुकतंच मागे पडलं होतं. आम्ही जामसंड्यात राहायचो. मॅट्रिक होऊन दोन वर्षं मी घरात बसून होते आणि सरकारी कारकुनांच्या भरतीची परीक्षा द्यायचं मी मनाशी ठरवलं होतं. परीक्षेत मराठी, इंग्रजी, अंकगणित होतं आणि बुद्धिचाचणी नावाचा एक पेपर होता. पहिल्या तिन्हींची मला धास्ती नव्हती. बुद्धीची चाचणी कशी घेतात हे मात्र आमच्याकडे एकाच माणसाला माहीत होतं.

ते निवृत्त शिरस्तेदार. मामलेदार कचेरीत जन्म काढलेले. संध्याकाळी आपल्या पडवीत परीक्षेला बसणाऱ्या पोरांची तयारी करून घ्यायचे. पाच मुलगे आणि मी. मुलगे बाकावर, मी दाराजवळ पाटावर. मुलीला शिकवायला त्यांची ना नव्हती, पण प्रश्न विचारताना ते पाटाकडे बघत नसत. मी न विचारता उत्तर द्यायचे.

अंकांच्या मालिका असायच्या, गटात न बसणारा शब्द असायचा, नाती असायची, विधानं आणि अनुमानं असायची. ‘सर्व खलाशांना पोहता येते. माझ्या भावाला पोहता येते. म्हणून माझा भाऊ खलाशी आहे काय?’ असं शिरस्तेदारांनी विचारलं, तेव्हा बाकावरचा एक जण म्हणाला, “नाय, तो आळशी आसा.” सगळे हसले. शिरस्तेदार हसले नाहीत. “निष्कर्ष बरोबर, कारण चूक,” म्हणाले.

माझा घोळ झाला दिशांपाशी. म्हणजे घोळ त्यांच्या मते. मी पाटीवर आकृती काढली ती पूर्व वरच्या बाजूला धरून. दर्या खालच्या अंगाला, उत्तरेचा विजयदुर्ग डाव्या हाताला, दक्षिणेचं मालवण उजव्या हाताला. मला दुसरं काही सुचलंच नव्हतं. आमच्या घरातून बाहेर पडलं की तळेऱ्याकडे जाणारा रस्ता चढता, दर्याकडे जाणारा उतरता. लहानपणापासून कुणी ‘वर गेलाय’ म्हटलं की तो उगवतीला गेला आणि ‘खाली गेलाय’ म्हटलं की तो बंदरावर, एवढं मला आपोआप कळायचं.

शिरस्तेदारांनी पाटी बघितली आणि आकृती आडवी आहे म्हणून फुली मारली.

“नकाशात उत्तर दिशा वरच्या अंगाला असते. सगळ्या जगात असते.”

“पण हा मनुष्य घरातून निघालाय, नकाशातून नाही,” मी म्हटलं. “आणि उत्तर बरोबर आहे. दक्षिणेला, चार मैल.”

“आकृती चुकीची असेल तर उत्तर बरोबर येऊन उपयोग नाही.”

बाकावरून लगेच आवाज आला, “हिचो सूर्य कागदाच्या टोकार उगवता रे!”

“तुझो खंय उगवता?” मी विचारलं. “एक दिवस सकाळी उठान बघ. दिसलो तर सांग.”

त्या दिवसापासून मुलांनी मला ‘आडवी’ नाव ठेवलं. मी पडवीवर चढले की कुणीतरी हळूच म्हणायचं, “सरका रे, आडवी इली.” नाव वाईट नव्हतं. मी बदलायच्या भानगडीत पडले नाही.

तरी मी हट्ट धरण्याआधी त्यांची रीत करून बघितली, हे सांगायला हवं. आठ दिवस मी उत्तर दिशा वर धरून प्रश्न सोडवले. दहातले चार बरोबर यायचे. डावं-उजवं डोक्यात उलटंपालटं व्हायचं, प्रत्येक वळणावर थांबून विचार करावा लागायचा, वेळ जायचा. माझ्या रीतीने दहाच्या दहा बरोबर यायचे, तेही निम्म्या वेळात. परीक्षेत आकृतीला गुण नव्हते, उत्तराला होते. मग प्रश्नच मिटला.

खरं तर ही रीत माझीही नव्हती, आईची होती. आई शाळेत गेली नव्हती. एकदा ती मागच्या दारी बांगडे साफ करत बसली होती आणि मी मोठ्याने प्रश्न वाचत होते. मी आकृती काढायच्या आत ती म्हणाली, “तळेऱ्याच्या वाटेन वयर गेलो, मगे मालवणच्या बाजूक वळलो, मगे दर्याकडे खाली इलो. म्हणजे मालवणच्या बाजूकच उभो आसा. चार मैल.” सुरीने बांगड्याचं डोकं उडवून ती पुढे म्हणाली, “सरळ जावक काय झाला हुता त्याका?”

मी पुढचा प्रश्न वाचला. तोही तिने सोडवला आणि त्याही माणसाला नावं ठेवली. तिच्या मते पुस्तकातल्या एकालाही कामधंदा नव्हता.

इकडे शिरस्तेदारांनी बाबांना गाठलं. बाबा प्राथमिक शाळेत मास्तर होते. शाळेत पुस्तकी बोलायचे, घरी मालवणी. शिरस्तेदार त्यांना म्हणाले, मुलगी हुशार आहे पण ऐकत नाही, परीक्षेला बसवून हसं करून घेऊ नका. बाबांना निमित्तच हवं होतं. तळेऱ्याचं एक स्थळ आलं होतं. नाक्यावर किराण्याचं दुकान, थोडी शेती, माणूस निर्व्यसनी. त्या माणसात खोट नव्हती. मला दुकानामागच्या खोलीत जन्म काढायचा नव्हता, एवढंच.

“शिरस्तेदार म्हणतत तुझा डोक्या आडवा चालता,” बाबा म्हणाले.

“चालता मा? मगे झाला. तुम्ही घड्याळ लावून बसा. तुम्ही मास्तर आसात, तुम्हीच तपासा.”

बाबांनी खरंच खिशातलं घड्याळ काढून पुढ्यात ठेवलं आणि पुस्तकातले दहा प्रश्न खुणा करून दिले. मी सोडवले. त्यांनी शेवटच्या पानावरची उत्तरं ताडून बघितली, मग पुन्हा एकदा बघितली. शाळेतल्या पोरांना देतात तसा दहापैकी दहाचा आकडा काढला आणि मग आपण काय केलं ते लक्षात येऊन पेन्सिल खाली ठेवली.

“एकदाच बसतलंस,” ते म्हणाले. “झाला तर बरा. नाय झाला तर मे म्हयन्यात तळेऱ्याचा लगीन. मगे एक शब्द बोलूचो नाय.”

मी हो म्हटलं. दुसरं काही मिळण्यासारखं नव्हतं.

परीक्षा रत्नागिरीला. तेव्हा आमचा तालुका रत्नागिरी जिल्ह्यातच होता. बाबा आणि मी आदल्या दिवशी एस.टी.ने निघालो. तळेऱ्याला गाडी बदलायची होती. बाबा नाक्यावरच्या दुकानाकडे बघत होते, मी पुस्तकात. “एकदा बघून तरी घे,” बाबा म्हणाले. “निकाल लागल्यार बघतंय,” मी म्हटलं.

बुद्धिचाचणीचा पेपर दुपारी होता. हॉलमध्ये मुली तीनच. एका ओळीत बसवलेल्या. दिशांचे प्रश्न आले, आणि यावेळी आकृती आपण काढायची नव्हती. चौकटी छापलेल्या होत्या, वरच्या बाजूला उत्तर दिशेचा बाण. चौकटीत वाट आखायची आणि शेवटच्या घरात फुली मारायची. मी कागद फिरवला. बाण डावीकडे गेला, पूर्व वर आली, दर्या खाली आला. मग काय, गावातल्या गावात फिरायचं होतं. दोन प्रश्न झाले आणि तिसऱ्यावर असताना कागदावर सावली पडली.

“बाई, कागद सरळ धरा.” पर्यवेक्षक होते. कोट घातलेले, घामाघूम झालेले.

“मला असाच सोयीचा पडतो.”

“शेजारच्या मुलीला दिसावा म्हणून आडवा धरलाय.”

“तिला बघायचं असतं तर मी सरळ धरल्यावरही दिसला असता. एवढंच अंतर आहे बाकांत.”

त्यांनी माझा कागद उचलला. आसपासच्या माना वळल्या. मी उभी राहिले.

“खाली बसा.”

“कागद दिलात की बसते. माझा वेळ चाललाय. कागद कसा धरायचा याचा नियम कुठे लिहिलाय तो दाखवा, मी तसा धरते.”

शेजारची मुलगी रडायच्या बेताला आली होती. तिचा काहीएक दोष नव्हता. पर्यवेक्षकांनी नियम शोधायला पहिल्या पानावरच्या सूचना वाचल्या, सगळ्या, शेवटपर्यंत. तोपर्यंत मी उभीच. सूचनांत तसं काही नव्हतं. मग त्यांनी तांबड्या पेन्सिलीने माझ्या कागदाच्या समासात लिहिलं: ‘कागद आडवा धरीत होती. ताकीद दिली. उलट उत्तरे.’ आणि कागद परत दिला. मी तो त्यांच्यासमोर पुन्हा आडवा केला आणि लिहायला लागले. घाईत पहिली रेघ वाकडी आली. घंटा झाली तेव्हा शेवटचे चार प्रश्न राहिले होते.

बाबांना मी येतानाच गाडीत सगळं सांगितलं. नंतर दुसऱ्याकडून कळण्यापेक्षा ते बरं.

“सरकारी माणसाक उलटा बोललंस?” बाबा म्हणाले. “मगे संपलाच म्हणायचा. मी तळेऱ्याक कळवतंय.”

“एकदा बस म्हणालात. निकाल लागता तोपर्यंत माझा बसणा चालूच आसा.”

“तुका शिरस्तेदारान ह्याच शिकवल्यान काय?”

“निष्कर्ष बरोबर आसा काय तेवढा बघा.”

तळेऱ्याला गाडी बदलताना बाबांनी पुन्हा त्या दुकानाकडे बघितलं. पण त्यांनी तळेऱ्याला कळवलं नाही. मे महिना आला. तळेऱ्याहून दोनदा निरोप आला, दोनदा बाबांनी “बघू” म्हणून सांगितलं. आई एकदा फणस फोडताना म्हणाली, “तो कोटवालो खंयचो हुतो गो? दर्या नाय काय त्याच्या गावाक?”

पावसाळ्याच्या तोंडाशी मुलाखतीचा कागद आला. लेखी परीक्षा पास झाले होते, पण तो तांबडा शेरा माझ्यापुढे रत्नागिरीला जाऊन बसला होता.

मुलाखतीला तीन साहेब होते. मधल्यांच्या पुढ्यात माझा पेपर. शेऱ्याचं पान वरच ठेवलेलं.

“हे वाचलंत?”

“लिहिताना बघितलंय.”

“खरं आहे?”

“कागद आडवा धरला हे खरं. दुसऱ्याला दाखवायला धरला असं त्यांनी तोंडाने म्हटलं. लिहिलं मात्र नाही.”

त्यांनी शेरा पुन्हा वाचला. “मग कशासाठी धरलात?”

मी सांगितलं. घाट वर, दर्या खाली, विजयदुर्ग आणि मालवण दोन हातांना. डाव्या बाजूचे साहेब म्हणाले, “नोकरीतही असाच हट्ट करणार?”

“काम चुकायला लागलं तर नाही करणार.”

उजव्या बाजूचे साहेब इतका वेळ काहीतरी लिहीत होते. त्यांनी विचारलं, “या खोलीत तुम्ही आत्ता कोणत्या दिशेला तोंड करून बसला आहात?”

खोलीला खिडकी होती ती आतल्या चौकात उघडणारी. मी आठवलं. फाटकातून आत आले तेव्हा दर्याच्या दिशेने चालत होते. जिन्यावर एकदा डावीकडे वळले, वर आल्यावर उजवीकडे, आणि सरळ या दारातून आत.

“पश्चिमेला. तुमच्या पाठीमागच्या भिंतीपलीकडे दर्या आहे.”

तिघांपैकी दोघांनी मागे वळून भिंतीकडे बघितलं. भिंतीवर कॅलेंडर होतं. बरोबर की चूक, कुणी काही सांगितलं नाही. “या आता,” म्हणाले. मी खाली उतरून कचेरीला वळसा घालून मागे गेले आणि बघितलं. दर्या होता.

नेमणुकीचा कागद श्रावणात आला. बाबांनी तो स्वतः उघडला, वाचला, पुन्हा घडी घातली आणि शिरस्तेदारांना दाखवायला घेऊन गेले. परत आल्यावर एवढंच म्हणाले, “शिरस्तेदार म्हणाले, बरा झाला. पण आकृती चुकीचीच हुती म्हणाले.”

पहिली नेमणूक कणकवलीला, जमिनीच्या मोजणीच्या कचेरीत. सगळ्या नकाशांवर उत्तर दिशा वर. मी त्यांना हात लावला नाही, नकाशा काढताना नियमाप्रमाणेच काढला. पण टेबलापलीकडे माणूस येऊन उभा राहिला, की मी नकाशा आडवा फिरवून त्याच्यापुढे ठेवायचे. सरळ नकाशाकडे बघून गांगरणारा माणूस आडव्यावर लगेच बोट ठेवायचा. हेडक्लार्कने सुरुवातीला दोनदा हटकलं. मी म्हटलं, लवकर काम उरकतं. मग त्याने हटकायचं सोडलं.

सात-आठ वर्षांनी तळेऱ्याचा तो दुकानदार बांधाच्या तंट्यासाठी आला. मी त्याला अर्जावरच्या नावावरून ओळखलं. बरोबर बायको होती, कडेवर मूल. मी नकाशा फिरवून पुढे सरकवला.

“हां,” तो म्हणाला आणि बोट ठेवलं. “ह्यो माझो बांध. वयलो. खालचो तेचो.” मग जरा थांबून म्हणाला, “म्हणजे जामसंड्याच्या तुम्हीच त्या, कागद आडवो धरणाऱ्या.”

“मीच,” मी म्हटलं आणि त्याच्या अर्जावर शिक्का मारला. मागे रांग होती.