मामांना डोंगरापार नेणारी गाडी

तान्ना बेटाच्या पूर्व किनाऱ्यावर, ज्वालामुखीच्या राखेच्या माळापलीकडे नाऊपाचं गाव. गावात पिकअप गाडी एकच होती, ती नाऊपाची. रस्ता तेव्हा पक्का झाला नव्हता. आधी राखेचा माळ, मग डोंगर, मग पश्चिमेला उतरलं की लेनाकेलचा बाजार आणि जहाजांचा धक्का. गाडी हे सगळं पार करायची खरी, पण मागे बसलेल्यांचे हाल कुत्रा खात नसे.

"दाजींची गाडी लेनाकेलला पोचते," नाऊपाचा मेव्हणा यारिस सगळ्यांना सांगायचा, "माणसं मात्र सुटी सुटी पोचतात. तिथं उतरून ज्यानं त्यानं आपापले हातपाय शोधून घ्यायचे."

नाऊपा हसण्यावारी न्यायचा. रस्ताच तसा, त्याला गाडी काय करणार? गाडी चालू होते, डोंगर चढते, ब्रेक लागतात, आणखी काय हवं माणसाला?

मग एकदा त्यानं कावास मामांना बाजारातून परत आणलं. मामा म्हणजे त्याच्या आईचे थोरले भाऊ, आणि त्या अख्ख्या किनाऱ्यावर नाचाची गाणी बांधणारे एकटेच. राखेच्या माळावर गाडी एका घळीत दाणकन आदळली. मामा ओरडले नाहीत. घरापाशी दाराला धरून हळूहळू उतरले, कमरेवर हात ठेवून उभे राहिले आणि म्हणाले, "भाच्या, आज तुझ्या आईसाठी गप्प बसलो. पण ह्या गाडीत आता माझं मढंसुद्धा घालू नकोस."

मामा महिनाभर चटईवर पडून होते. लोकांनी नाऊपाला बोल लावला नाही, हेच त्याला जास्त लागलं.

त्यानंतरच्या वर्षी पश्चिमेच्या एका मोठ्या गावाने नाच मांडला. दोन्हीकडच्या गावांनी एकमेकांना डुकरं द्यायची, दिवसभर नाचायचं, असा तो सोहळा. यजमानांचा निरोप आला, की गाणं कावास म्हाताऱ्याचंच हवं, आणि पहिली ओळ त्यानंच उभं राहून म्हणायला हवी. वडाखाली बैठक बसली. मामांना आता डोंगर चढवणार नव्हता.

"बांबूची डोली करू," एक जण म्हणाला. "चार तगडे गडी खांद्यावर नेतील."

सगळ्यांनी माना डोलावल्या. कुणीही नाऊपाकडे बघितलं नाही. दारात गाडी उभी असताना स्वतःचा मामा लोकांच्या खांद्यावरून जाणार! नाऊपाच्या कानशिलांपर्यंत रक्त चढलं. तो उठला आणि घरी येऊन सरळ गाडीखाली शिरला.

"अहो, काय हरवलंय?" त्याच्या बायकोनं, लिस्पेतनं, वाकून विचारलं.

"अक्कल," तो खालूनच म्हणाला. "जरा गाडीचं मागचं टोक जोरात दाब आणि सोड."

लिस्पेतनं सगळा भार टाकून दाबलं आणि सोडलं. गाडी खालीवर होत राहिली, थांबेचना. "ही तर नाचायलाच लागली की! ह्या वेळी हिलाच पाठवा," ती म्हणाली.

चाकांजवळचे शॉकअप, म्हणजे खड्ड्याचा हिसका गिळणारी ती लांब नळकांडी, कधीच मेले होते. त्यांतलं तेल गळून वर राखेचा लेप बसला होता. टायर तर मोठ्या ट्रकचे, जाड, कडक आणि वर झिजून गुळगुळीत झालेले. कुणीतरी स्वस्तात दिले म्हणून त्यानंच आनंदानं घातले होते. नाऊपा गाडीखाली पडल्या पडल्या हसायलाच लागला. रस्त्याला इतकी वर्षं उगाच शिव्या घातल्या! हे तर बदलता येतं!

त्या हंगामाचा कावा, म्हणजे ज्याच्या मुळांचं पेय करतात ते पीक, त्यानं लवकर उपटला आणि राजधानीत, पोर्ट व्हिलाला, चुलतभावाकडे विकायला पाठवून दिला. बदल्यात तिकडून चार शॉकअप आणि चार टायर यायचे होते. मग समुद्र खवळला आणि जहाज येईना. इकडे डोलीसाठी बांबू तोडूनही झाले. नाऊपा रोज गाडी घेऊन धक्क्यावर जायचा आणि तशीच परत आणायचा. अखेर नाच दोन दिवसांवर आला तेव्हा जहाज लागलं. दोरीनं बांधलेले काळेकुळकुळीत टायर क्रेनला लटकून खाली येताना दिसले, तसा तो गर्दीत धक्के मारत पुढं घुसला. यारिसनं टायरला नाक लावून लांब श्वास घेतला.

"दाजी, लग्नात माझ्या बहिणीकडं तरी एवढ्या प्रेमानं बघितलं होतं का?"

"तुझ्या बहिणीला यायला जहाजाची वाट नव्हती बघावी लागली. उचल आता!"

दुसऱ्या दिवशी उजाडताच फणसाच्या झाडाखाली काम सुरू झालं. तीन शॉकअप निघाले. चौथ्याचा बोल्ट गंजून जागेवर चिकटून बसला होता. पाना सटकला, नाऊपाची बोटं सोलवटली. यारिसनं हातोडा चालवला, मग त्यावर तेल ओतलं, मग पुन्हा हातोडा. शेवटी पान्याच्या दांड्याला लोखंडी नळी लावून दोघं तिच्यावर लटकले. कड्‌ असा आवाज झाला आणि दोघंही राखेत उताणे पडले.

"मोडला काय रे?"

"सुटला, दाजी! सुटला!"

नवे टायर चढले आणि अंगणात टाळ्या पडल्या. नाऊपानं लिस्पेतला शेजारी बसवलं आणि गाडी थेट माळावर घातली. पण ती अजून उडतच होती. पूर्वीसारखी डुलत नव्हती, पण प्रत्येक दगड बुडाला कळत होता. नाऊपाचा चेहरा उतरला. एवढा कावा, एवढी वाट बघणं, आणि शेवटी हे?

त्यानं गाडी थांबवली. लिस्पेत खाली उतरली, टायरला लाथ मारली आणि पाय धरून बसली. "अगं आई गं! हे टायर आहेत का धोंडे? किती फुगवलेत!"

नाऊपानं मागं वळून राखेतल्या खुणा बघितल्या. टायर एवढे रुंद, पण खूण मधल्या पट्ट्याचीच उमटली होती. हवा जास्त होती. त्यानं काडी घेऊन व्हॉल्व्ह दाबला. फुस्स! थोडी सोडली, थोडं चालवलं, उतरून खूण बघितली. पुन्हा सोडली. खूण पुरती रुंद झाली तेव्हा थांबला. आता गाडी मऊ झाली होती, फक्त मागचं टोक रिकामं असल्यामुळं अजून टणटण उड्या मारत होतं. मागच्या स्प्रिंगचे पाटे वजनासाठी बनवलेले, त्यांना वजन हवं होतं. आणि वजनाला काय तोटा? यजमानांना द्यायचे सुरणाचे ढीग होते, डुकरं होती.

नाचाच्या दिवशी सकाळी गाडी मामांच्या दारात आली तेव्हा डोलीवाले तयार होऊन उभे होते. मामांनी गाडीकडं बघितलं, मग डोलीकडं.

"मामा, एकदा बसून बघा," नाऊपा म्हणाला. "माळ ओलांडेपर्यंत. दुखलं तर तिथंच उतरा."

"उतरून काय राखेत बसू?"

"डोली मागं टाकतो. डोलीवालेही बसतील. तुम्ही नुसतं हूं म्हणा, तिथून ते तुम्हाला उचलतील."

म्हाताऱ्यानं काठीच्या टोकानं टायर दाबून बघितला. डोलीवाल्यांनी तेवढ्यात मागं उडी मारून जागा पकडल्या होत्या. डोंगर कुणाला चढायचा होता?

सुरण, दोन डुकरं, डोली, चार गडी आणि यारिस, एवढं सगळं मागं. मामा पुढं, त्यांच्या पलीकडे लिस्पेत. नाऊपानं हळूच क्लच सोडला. माळ आला. ती जुनी घळ दिसली तसं त्यानं स्टिअरिंग घट्ट धरलं. गाडी खाली गेली, वर आली, आणि लगेच सावरली. एकदाच. दुसरी उसळी नाही, कुरकुर नाही. मागून यारिस ओरडला, "दाजी, घळ गेली कुठं?"

मामा डोळे मिटून बसले होते. नाऊपाला विचारायचा धीर होत नव्हता. डोंगराचा चढ लागला. पाण्यानं खोदलेले खड्डे, दगडांची पायरी, फणसाएवढे गोटे. गाडी एकेक गिळत चढत होती. नाऊपाला हसू आवरेना, ओरडावंसं वाटत होतं. तेवढ्यात त्याला एक बारीक आवाज ऐकू आला. त्यानं दचकून मामांकडं बघितलं. दुखलं का?

"मामा?"

"गप्प," मामा डोळे न उघडता म्हणाले. "दुसरी ओळ बदलतोय."

ते गुणगुणत होते. मांडीवर बोटांनी ताल धरला होता. खिंडीपर्यंत गुणगुणले, आणि उतारावर त्यांचं डोकं हळूहळू लिस्पेतच्या खांद्यावर टेकलं. ते घोरायला लागले. मागच्या गड्यांना हे कळलं तेव्हा त्यांनी अशी आरोळी ठोकली, की डुकरंसुद्धा किंचाळली. मामा तरी जागे झाले नाहीत.

नाचाच्या मैदानावर गाडी शिरली. मामा स्वतःच्या पायांनी उतरले, अंगावरची राख झटकली, काठी लिस्पेतच्या हातात दिली आणि गर्दीतून ताठ चालत मधोमध गेले. त्यांनी पहिली ओळ उचलली. शेकडो पाय एकदम जमिनीवर पडले, आणि ती थाप गाडीला टेकून उभ्या नाऊपाच्या पाठीतून छातीपर्यंत घुमली. त्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं आणि तो ते पुसतही नव्हता. दुसरी ओळ आली, ती नवी होती, वाटेत बदललेली. पूर्वेकडच्या गड्यांना ती येत नव्हती, पण मामांच्या तोंडाकडं बघत बघत त्यांनी ती झेलली.

दिवस कलताना मामा परत आले. घामानं निथळत होते, चेहरा लालबुंद झाला होता.

"भाच्या, चूक केलीस."

"काय झालं, मामा?"

"मला झोपू दिलंस. खिंडीतून दोन्हीकडचा समुद्र दिसतो. वर्षभरानं आलो आणि बघायचा राहिला. आता जाताना खिंडीत गाडी थांबव." मग गाडीच्या दारात पाय ठेवून ते वळले. "आणि हे बघ, उत्तरेच्या टोकाला माझा एक जुना जोडीदार आहे. तिकडचा रस्ता कसा आहे रे?"

"ह्याच्यापेक्षा वाईट आहे, मामा."

"मग सोमवारी निघू," असं म्हणून मामा पुढच्या सीटवर ऐसपैस बसले, आणि उशीर होतोय म्हणून त्यांनीच हॉर्न वाजवला.