मागच्या दाराची नदी

मांजर्लीच्या शेतांवर ड्रोन उडवून जमिनीखाली गाडलेलं नदीचं जुनं पात्र शोधायचं ठरलं, तेव्हा आधी नारळ फुटला. मग पाहुणे बोलले. "हरवलेली नदी आपण बाहेर काढणारच," ते म्हणाले. टाळ्या पडल्या. मी वाजवल्या नाहीत. माझं घर तळमजल्यावर आहे. नदी बाहेर येऊ नये एवढीच माझी इच्छा होती.

मी जन्मभर भूगोल शिकवला. 'नदी आपले पात्र बदलते' हे फळ्यावर दरवर्षी लिहिलं आणि निवृत्त झाल्यावर घर घेतलं ते उल्हास नदीजवळ. तळमजला घेतला, कारण बायकोला गुडघ्यांमुळे जिना चढवत नाही. एका पावसाळ्यात घरात पाणी शिरलं. नदी समोरच्या बाजूला, पाणी मात्र मागच्या दारातून आलं. शेजारच्या दोन मुलांनी हिला खुर्चीसकट उचलून वर नेलं. आम्ही गटाराला शिव्या दिल्या आणि विषय संपवला. ती मुलं आता नोकरीसाठी पुण्यात असतात.

सर्वेक्षणाच्या भूवैज्ञानिक बाई वयाने माझ्या विद्यार्थिनीएवढ्या. त्यांनी समजावलं : आपला काळा खडक चुंबकीय, नदीचा गाळ त्या मानाने फार कमी. ड्रोनला टांगलेलं यंत्र वरून फिरलं की गाळाने भरलेलं पात्र नकाशावर निळं उमटतं. दुसरं यंत्र जमिनीवर एकाच जागी ठेवायचं, कारण पृथ्वीचं चुंबकत्व दिवसभरात थोडं बदलतं आणि तेवढं वजा करावं लागतं. त्याची राखण मी मागून घेतली.

संध्याकाळी लॅपटॉपवर कच्चा नकाशा आला. निळा पट्टा पलीकडच्या शेतातून येऊन आमच्या सोसायटीपाशी थांबत होता आणि अलीकडे पुन्हा सुरू होत होता. मधे इमारतींच्या लोखंडामुळे काही वाचता येत नाही, म्हणून बाईंनी ठिपके जोडले होते. ते थेट आमच्या मागच्या दारावरून गेले होते.

"काका, दुपारी यंत्राजवळ काही नेलं होतं?"

"काही नाही. फार ऊन लागत होतं त्याला, म्हणून छत्री उघडून ठेवली."

"लोखंडी काड्यांची?"

मी होकारार्थी मान हलवली.

"सर होतात ना तुम्ही?"

"भूगोलाचा. चुंबक विज्ञानाच्या तासाला."

स्वतःच्या चुकीचा एवढा आनंद मला कधी झाला नव्हता. घरी सांगितलं, "नकाशा चुकलाय."

"मग चहा का सांडताय?" बायको म्हणाली.

दुसऱ्या दिवशी पुन्हा उड्डाण झालं. छत्री, किल्ल्या, पट्टा, घड्याळ घरी ठेवून मी यंत्रापासून लांब, भर उन्हात बसलो. संध्याकाळी नकाशावरचा निळा पट्टा तिथेच होता. काल कडा धूसर होत्या, आज स्वच्छ.

"मधले ठिपके अंदाजच ना?"

"अंदाजच. पण काका, त्या पावसाळ्यात घरात पाणी कुठून आलं म्हणाला होतात?"

मी घरी आलो आणि हिला म्हटलं, "चल, जिना चढायची सवय करू. रोज एक पायरी."

"अहो, पाणी काय रोज एकच पायरी चढणार आहे?"

तरी उठली. कठडा धरून, माझ्या खांद्यावर भार टाकून चार पायऱ्या चढली आणि तिथेच बसली. धाप लागली होती. मागच्या वेळी पाणी पाचवीपर्यंत आलं होतं.