माझ्या बापाची नक्कल

"कोंबडी कशी आणली होतीस, दाखव पाहुण्यांना," पाळकसाहेब माझ्या बापाला म्हणाले.

बाप उठला. उपकारस्तुतीचा, म्हणजे पीक घरी आल्यावर देवाचे आभार मानायचा सण होता. नंदुरबार स्टेशनावरून बैलगाडीने गोरे पाहुणे आले होते. मिशनच्या देवळाच्या ओट्यावर चहा चालला होता. बापाने काखेत कोंबडी धरल्यासारखे केले, वाकत वाकत चालला, गुडघे टेकले. सगळे हसले. एक मडम डोळे पुसत हसली. बापही हसला.

दर वर्षी हेच.

खरी गोष्ट अशी. माझा भाऊ तापाने चार दिवस पडून होता. आम्ही भिल्ल. बाप्तिस्मा घेऊन तीनच महिने झालेले. प्रार्थनेत काय बोलायचे ते बापाला ठाऊक नव्हते. देवाकडे रिकाम्या हाताने जायचे नाही, एवढे ठाऊक होते. घरातली एकुलती एक कोंबडी घेऊन तो देवळात गेला. म्हणाला, "मन्हा पोऱ्याले जित्ता ठेव. हाई कोंबडी ले." पाळकसाहेबांनी दारातून ऐकले. त्याच संध्याकाळी भाऊ गेला. ते मात्र साहेब कधी सांगत नसत. त्यांची गंमत कोंबडीपाशीच संपायची.

आणि हेच साहेब आम्हाला शिकवायचे, ख्रिस्ती माणसाच्या तोंडी टवाळी शोभत नाही. मिशनच्या वसतिगृहात असताना मी एकदा प्रार्थनेत खुदकन हसले. बाकावर सरडा चढला होता, बस. त्यांनी माझ्या तोंडावर फडके बांधून दुपारभर दारात उभे केले. फडक्याला घासलेटचा वास होता.

आमचे हसणे पाप. आमच्यावरचे हसणे निर्मळ विनोद. मला हे कळायला फार वर्षे लागली. तोवर ओट्यावर मीही हसत होते. माझ्याच बापाला.

मडम आली त्या सणाला बापाला गुडघ्यांवरून उठता येईना. साहेब माझ्याकडे वळले. मी त्यांच्याच शाळेत धाकट्या मुलींना शिकवत होते.

"म्हातारा थकला. तू करून दाखव. त्याच्याच बोलीत."

"ती प्रार्थना होती, साहेब."

"अगं, गमतीने चाललंय."

"मग माझा भाऊ मेला, तेही सांगा. त्यालाही हसा."

कपबश्या थांबल्या. मडमेने विचारले, ही काय म्हणाली. साहेबांनी इंग्रजीत काही सांगितले. मला इंग्रजी येत नव्हते. पण मडम पुन्हा हसली.

दुसऱ्या दिवशी माझी शाळेतली नोकरी गेली. राहायची खोलीही गेली. बाप माझ्या पाया पडू लागला. "माफी माग, बेटी. हासू दे त्यास्ले. हासीसन आपलं काय जास?"

"बा, आपला पोरगा गेला होता त्या दिवशी."

तो रडेल असे वाटले. तो हसला. ओट्यावर हसायचा तसाच. दुसरा चेहरा त्याच्याजवळ उरलाच नव्हता.

मी माफी मागितली नाही. मिरचीच्या शेतात तोडणीला जाते. हातांची आग होते, झोप लागत नाही. देव ऐकतो का, माहीत नाही. पण ख्रिस्ताला मी सोडलेले नाही. त्यालाही शिपायांनी काट्यांचा मुकुट घातला, पुढ्यात गुडघे टेकले आणि खदखदा हसले. तो त्या शिपायांच्या बाजूचा नव्हता.

पुढच्या सणाला मी तिथे जाणार. कुणी बोलावणार नाही, तरी जाणार. बापाशेजारी बसणार आणि त्याला उठू देणार नाही. त्याने स्वतः माझा हात झटकला तरी.