नसबंदीनंतरच्या दोन रेघा

गरोदरपण तपासायच्या कार्डावर दोन रेघा उमटल्या तेव्हा आमच्या गावच्या आशा सेविकेनं, म्हणजे आशाताईंनी, माझ्याकडे पाहिलं नाही. आधी उठून दाराची कडी लावली. मग हळूच म्हणाल्या, "वैशाली, तुह्या मालकाचं तं ऑपरेशन झालं नं?"

झालं होतं. सहा महिन्यांपूर्वी. एनएसव्ही, म्हणजे बिनटाक्याची पुरुष नसबंदी. आमच्या किन्हीराजात ती करून घेतलेला दुसरा माणूस मला तरी माहीत नाही. माझ्या दोन्ही मुली सिझेरियनच्या. धाकटीच्या वेळी इतकं रक्त गेलं की वाशीमला तीन पिशव्या चढवाव्या लागल्या. तिसऱ्या खेपेचा विचारही करू नका, असं तिथल्या डॉक्टरांनी बजावलं. माझी नसबंदी करायची गोष्ट निघाली तेव्हा माझा नवरा प्रमोदच मधे बोलला होता, "तिचं पोट आता पुन्हा फाडू नका. माह्यं करा." या गोष्टीचा मला फार अभिमान होता.

म्हणून पुढचे तीन दिवस जास्त जिव्हारी लागले.

पेरणीचे दिवस होते. तो वावरातून आला तेव्हा मी सांगितलं. त्यानं ऐकलं, हातपाय धुतले आणि जेवण न करता बाहेर गेला. सासूबाई पोळ्या लाटत होत्या. त्यांचं लाटणं थांबलं. "मंग हे कुठून आलं वं?" त्या म्हणाल्या. आवाज चढवला नाही. चढवला असता तर भांडता तरी आलं असतं.

पहिला दिवस मी रडले. दुसऱ्या दिवशी राग आला. प्रमोद माझ्याशी बोलत नव्हता आणि धाकटीलाही उचलून घेत नव्हता. माझ्याकडून काही चुकलं नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं. पण माझ्या ठाऊक असण्यावर कोण विश्वास ठेवणार? शेजारची काकू मागच्या दारानं येऊन म्हणाली, "मेडिकलातून गोळ्या आन, खाऊन टाक, कोनाले समजनार बी नाही." मोह झाला. पण आशाताईंनी ठणकावलं, "रक्त कमी हाय तुह्यं. गर्भ नळीत असला तं जीव जाईन. सोनोग्राफी केल्याबिगर काही घेऊ नको." त्या बोलल्या नसत्या तर मी त्या गोळ्या खाल्ल्या असत्या.

आणि लपवायचं तरी कशाला? लपवलं की मी चोर ठरणार होते.

तिसऱ्या दिवशी मी कपाट उपसलं आणि ऑपरेशनचा कागद शोधला. त्यावर लिहिलं होतं: तीन महिने कंडोम वापरा आणि त्यानंतर तपासणीला या. तपासणी ठीक आल्याशिवाय साधन बंद करू नका. तीन महिने कंडोम आम्ही वापरले होते. तपासणीचं मला कुणी सांगितलंच नव्हतं. कागद मी प्रमोदच्या समोर धरला.

"तपासनीले काहून नाही गेले तुमी?"

त्यानं कागद हातात घेऊन वाचला. मग म्हणाला, "लाज वाटली. तिथं डबी हातात घिऊन कसं जावं?"

तीन दिवसांनी तो माझ्याशी बोललेलं हे पहिलं वाक्य.

"मंग आता माह्यासंग चला. उद्याच. रिपोर्ट येऊ द्या, मंग काय बोलाचं ते बोला."

मालेगावपर्यंत मोटारसायकल, पुढे वाशीमची बस. तो खिडकीशी, मी शेजारी, मधे माझी पिशवी.

दवाखान्यात आधी माझी सोनोग्राफी झाली. सात आठवडे. गर्भ पिशवीतच होता. हिमोग्लोबिन, म्हणजे रक्ताचं प्रमाण, आठ. मग त्याची सीमेन अ‍ॅनालिसिस, म्हणजे वीर्यात शुक्रजंतू आहेत की नाहीत ते पाहणं. डबी घेऊन तो बाथरूमकडे गेला तेव्हा त्याची मान इतकी खाली होती की मला कीव आली. तरी मी उठले नाही. मलाही लोकांच्या नजरा सोसाव्या लागल्याच होत्या.

रिपोर्टला दुपार झाली. तोवर आम्ही बाकावर बसून राहिलो.

डॉक्टर मॅडमनी कागद वाचला आणि माझ्याकडे न पाहता प्रमोदकडे पाहिलं. "शुक्रजंतू आहेत. हलणारे आहेत. क्वचित बांधलेली नळी पुन्हा जुळते, म्हणून तर तपासणीला बोलावतो. तुम्ही आला नाहीत. यात बाईला विचारण्यासारखं काहीही नाही."

प्रमोदनं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. मी खिडकीबाहेर पाहत राहिले. आनंद झाला नाही. हलकं वाटलं आणि त्याच्या मागोमाग पुन्हा राग आला.

आता पुढचं. घरी सासूबाईंचा सूर बदलला होता. "आता खरं हाय तं राहू दे. पोरगा असन." मी त्यांना रक्ताच्या तीन पिशव्यांची आठवण करून दिली. "आई, माह्या दोन पोरींले माय पायजेन." प्रमोद म्हणाला, "तू ठरव. म्या आता काही म्हननार नाही."

मी ठरवलं. एमटीपी, म्हणजे कायदेशीर गर्भपात. साधन निकामी ठरलं तर तो करून घेता येतो. पुन्हा वाशीमच्या दवाखान्यात गेलो तेव्हा फॉर्मवर नवऱ्याची सही कुठं घ्यायची, असं मी विचारलं. सिस्टर म्हणाल्या, "अठरा वर्षांच्या वर आहात नं? तुमचीच सही लागते." त्या रेघेवर मी माझं पूर्ण नाव लिहिलं.

एमव्हीए केलं, म्हणजे हाताच्या पंपानं पिशवी रिकामी करणं. रक्त कमी असल्यानं दिवसभर ठेवून घेतलं. दुखलं, पाळीत दुखतं त्याहून जास्त. भूल उतरल्यावर थोडं रडू आलं. पस्तावा नव्हता तो. पण काहीच वाटलं नाही असं लिहिलं तर खोटं होईल.

रक्त कमी म्हणून तांबी, म्हणजे पिशवीत बसवायचं साधन, नको, असं मॅडम म्हणाल्या. सेंटक्रोमॅन दिल्या, या गर्भ राहू नये म्हणून घ्यायच्या बिनहार्मोनच्या गोळ्या. सुरुवातीला आठवड्यातून दोनदा, नंतर एकदा. सोबत लोहाच्या गोळ्या. प्रमोदनं पुन्हा ऑपरेशन करून घेतलं. तीन महिन्यांनी तपासणीला तो एकटाच गेला. रिपोर्टमध्ये शून्य आलं, तेव्हाच मी गोळ्या थांबवल्या.

बायांनो, नसबंदी त्याची असो की तुमची, कागद स्वतः वाचा. वाचता येत नसेल तर कुणाकडून वाचून घ्या. पाळी चुकली तर एक दिवसही घालवू नका. आशाताईंचे आणि त्या मॅडमचे उपकार मी विसरणार नाही. प्रमोदला मी माफ केलं का, असं विचाराल तर बरंचसं केलं. ते तीन दिवस मात्र अजून माझ्याजवळ आहेत.

परवा रविवारी बुद्धविहारातून येताना गल्लीतला एक जण प्रमोदसोबत घरी आला. त्यालाही ऑपरेशन करायचं होतं. मी आत चहा ठेवत होते. प्रमोद त्याला सगळं सांगत होता, डबीचंसुद्धा. शेवटी म्हणाला, "आन तपासनी झाल्याबिगर बायकोवर शक करू नको. म्या केला होता. चूक माही होती."

आतापर्यंत हे तो मलाही म्हणाला नव्हता. मी चहा घेऊन बाहेर गेले आणि त्यांच्यासोबत बसले.