चिंगीच्या नावाने आलेली जाहिरात

आधीच सांगतो, असल्या गोष्टींवर माझा काडीचाही विश्वास नव्हता. दुकानासमोरच्या चिंचेवर भूत आहे म्हणून लोक काय काय बोलतात. मी रोज तिच्याच सावलीत गाडी लावतो. हे लिहितोय तेही कुणाला पटवायला नाही. मनात ठेवून ठेवून थकलो, म्हणून लिहितोय...

दिग्रसला बसस्टँडच्या मागे माझं ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान आहे. दाखले, पीक विमा, परीक्षा — सगळं. खेड्यांतून येणाऱ्या निम्म्या लोकांकडे ईमेल नसतो, असला तर पासवर्ड आठवत नाही. म्हणून आम्ही दुकानवाले आपलाच पत्ता टाकून मोकळे होतो. चूक आहे, ठाऊक आहे. पण दारात रांग लागलेली असताना कोण कुणाला ईमेल काढून देत बसणार?

त्यावर मी एक युक्ती काढली होती. पत्त्यात माझ्या नावापुढे अधिकचं चिन्ह टाकून गिऱ्हाइकाचं नाव जोडायचं. मेल माझ्याकडेच येतो, पण कोणाचा ते लगेच कळतं. आपला पत्ता कुठून फुटला तेही कळतं. एखाद्या नावावर जाहिरातींचा पूर आला की त्याला फिल्टर लावायचा, मग ते सगळं थेट कचऱ्यात जातं. दिलेलं प्रत्येक नाव मी वहीत लिहून ठेवतो.

माझी धाकटी बहीण सुनीता दोन वर्षांपूर्वी कॅन्सरने गेली. तिची मुलगी ऋतुजा तेव्हापासून आमच्याकडेच असते. आईच्या खाटेशी बसून बसून पोरीने एकच ठरवलं होतं — नर्स व्हायचं. यवतमाळच्या एका कॉलेजचा फॉर्म मीच भरला. निवड झाली तर मेल येणार होता.

रोज सकाळी दुकानात चहा घेऊन यायची नि विचारायची, "मामा, आला का मेल?"

"नाही वं. आला की सांगतो ना."

"माह्या मैत्रिणीले आला. मलेच काहून नाही?"

"मले काय माहीत! कायले डोकं खाऊन राह्यली सकाळपासून?"

ती कप उचलून गेली. माझ्याच तोंडाची मला लाज वाटली.

त्याच दिवशी अकराच्या सुमाराला एक जाहिरात आली. चादरींवर सूट. पत्त्यात माझ्या नावापुढे अधिकचं चिन्ह, आणि पुढे — चिंगी.

चिंगी म्हणजे सुनीता. लहानपणी फक्त मी तिला तसं म्हणायचो, आणि ती चिडायची. तिच्या लग्नानंतर तो शब्द माझ्या तोंडून निघालेला नाही. वही दोनदा चाळली. ते नाव मी कुठेच दिलेलं नव्हतं.

खरं सांगू? भीती नाही वाटली, वैताग आला. आधीच दमलेल्या माणसाची कोणी थट्टा करावी, तसं झालं. मी त्या नावाला फिल्टर लावून टाकला.

दुसऱ्या दिवशी अकराला तीच जाहिरात पुन्हा इनबॉक्समध्ये. फिल्टर काढून परत लावला. तिसऱ्या दिवशीही तेच! चौथ्या दिवशी मात्र डोकंच फिरलं. फिल्टर चालतो की नाही बघायला म्हणून कचऱ्याचं फोल्डर उघडलं.

ते कचऱ्याचं फोल्डर मी महिनोन्महिने उघडत नाही. आत ऋतुजाच्या नावाने कोचिंग क्लासच्या जाहिराती खच्चून भरलेल्या... आणि त्यांच्या मधोमध कॉलेजचा मेल. निवड झाली होती. कागदपत्रं अपलोड करायची शेवटची मुदत — त्याच दिवशी संध्याकाळी पाच.

क्लासवाल्यांना कंटाळून त्या नावाला फिल्टर मीच लावला होता. कॉलेजचा फॉर्मही त्याच नावाने भरलाय, हे माझ्या ध्यानातही आलं नाही. दुनियेचे फॉर्म भरतो मी, आणि घरच्या पोरीचा मेल माझ्याच हाताने कचऱ्यात.

ऋतुजाला फोन केला. धावतच कागद घेऊन आली. साडेतीनला अपलोड झालं तेव्हा ती टेबलावर डोकं ठेवून रडली.

"मामा, सापडला कसा तुमाले?"

"असाच... पाह्यता पाह्यता," मी म्हणालो. फिल्टरचं सांगितलं, माफी मागितली. चिंगीचं नाही सांगू शकलो.

पुसदचा माझा एक दोस्त कॉम्प्युटरचंच काम करतो. तो म्हणाला, "अबे, स्पॅमवाले काहीबी शब्द जोडून पाह्यतात. लागला असंन एखादा." असेलही. पण फिल्टर लावूनही ती एकच जाहिरात इनबॉक्समध्ये कशी यायची, ते त्यालाही सांगता आलं नाही. मलाही आजवर कळलेलं नाही.

ऋतुजा आता यवतमाळला हॉस्टेलवर आहे. दर रविवारी फोन करते. चिंगीच्या नावाचा फिल्टर मी त्याच संध्याकाळी काढून टाकला. रोज अकराला, हातातलं काम थांबवून, एकदा बघतो. जगभरच्या जाहिराती येतात. चादरींची तेवढी येत नाही.